शर्यतीच्या मोटारगाड्या, प्रारंभिक

मोटारगाड्यांच्या शर्यतींचा उगम फ्रान्समध्ये झाला. १८९५ च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत एमील लव्हासॉर यांनी सु. १,१८० किमी. अंतर ताशी सरासरी सु. २४ किमी. वेगाने कापले. त्यांच्या गाडीचे एंजिन जेमतेम ४ अश्वशक्तीचे होते. शक्ती वाढविण्याचे मुख्य मार्ग दोन : सिलिंडरांचे घनफळ वाढविणे किंवा एंजिनाचे मिनिटागणिक फेरे वाढविणे. दुसरा मार्ग त्या वेळी खुंटलेला होता. अंतर्गामी झडप दट्ट्याच्या केवळ शोषणाने उघडे व दुर्बल स्प्रिंगने मिटे. फेरे वाढले की तिची उघडझाप मागे पडे.

व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सेडीस गाडीत ही झडप कॅमने चालविली. त्याबरोबरच दाबीव पोलादाचा बुटका सांगाडा आणि मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटरही योजिला. तथापि शर्यतींच्या नियमांनी अभिकल्पकांना पहिल्या मार्गाकडेच ढकलले. गाडीचे वजन १,००० किग्रॅ. पेक्षा अधिक नसावे, एवढेच बंधन होते. परिणामी एंजिन फुगत गेले आणि वजनाची काटकसर सांगाड्यात झाली; त्याला जागोजाग भोकेही पाडली जात. वेगाला लगाम घालणारा म्हणून आणलेला नियम अशा रीतीने उलटला. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत मार्सेल रनो यांच्यासह स्पर्धक व प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि फ्रेंच शासनाने ती बॉर्दो येथेच थांबविली.

ल मां येथील १९०६ ची ग्रां प्री जिंकणाऱ्या रनो गाडीचे एंजिन सु. १३ लिटरचे व सु. ९० अश्वशक्तीचे होते, म्हणजे दर लिटरमागे अवघी ७ अश्वशक्ती. तिच्या विजयात एंजिनापेक्षा मिशलँच्या सुट्या होणाऱ्या चाकधावांचा वाटा मोठा मानावा लागेल. कारण टायर बदलण्यास इतरांच्या मानाने तिला फारच थोडा वेळ लागे.

१९१२ मध्ये प्यूजो कंपनीच्या गाडीने हे गणित पालटले. बोअलो, गू व झुक्कारेल्ली हे चालक आणि स्विस अभियंता एर्नेस्ट आंरी यांनी ती घडविली. श्रेय कोणाचे किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. प्रत्येक सिलिंडरास दोनऐवजी चार लहान झडपा होत्या. त्यामुळे वायूंना वाट अधिक मिळाली, शिवाय प्रत्येक झडप हलकी असल्याने ती त्वरेने मिटू लागली. झडपा दोन तिरप्या रांगांत असून प्रत्येक रांगेवर स्वतंत्र कॅमदंड होता; साहजिकच लांब दांड्यांचे वजन टळले व स्पार्क प्लगला मधोमध जागा मिळाली. ७·६ लिटरच्या या एंजिनाने मिनिटास २,२०० फेऱ्यांना सु. १४८ अश्वशक्ती दिली, म्हणजे दर लिटरमागे १९ हून अधिक. दट्ट्याची धाव २०० मिमी. असल्याने या गतीला त्याचा सरासरी वेग सेकंदास सु. १५ मी. होई.

दिएप येथील त्या वर्षीच्या ग्रां प्रीत तिची गाठ साखळीने चालणाऱ्या १४ लिटरच्या फियाटशी पडली. पहिल्या दिवसाअखेर फियाट आघाडीवर होती. वाटेत इंधन भरल्याने ती बाद ठरली. बोअलो यांनी १,५४० किमी. ची शर्यत दुसऱ्या एका फियाटवर १३ मिनिटांनी मात करून जिंकली.

एंजिनावर ४·५ लिटरची मर्यादा घातलेल्या १९१४ च्या ल्याँ येथील शर्यतीत प्यूजोला चारही चाकांना ब्रेक होते. तरीही टायरांनी तिला दगा दिला आणि पहिले तिन्ही क्रमांक मर्सेडीसने पटकाविले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत धावणाऱ्या प्यूजो गाड्यांच्या दुरुस्तीतून हॅरी मिलर यांना या रचनेची ओळख झाली. त्यांच्या एंजिनांतून पुढे इंडियानापोलिस येथे दीर्घकाळ वर्चस्व गाजविणारे ऑफेनहाउसर एंजिन निघाले.