पुली सुतात हवी

(यंत्रातील एक लहानसे चाक थोडे बाजूला सरकले, तर मोठी गाडीही रस्त्यात बंद पडते. असे का होते आणि कारागीर ते चाक पुन्हा जागेवर कसे आणतात, हे या पाठात सांगितले आहे.)

तुम्ही दळण घेऊन पिठाच्या गिरणीत गेला असाल. तिथे एका बाजूला विजेची मोटर असते आणि दुसऱ्या बाजूला जाते असते. दोघांमध्ये एक काळा पट्टा सतत धावत असतो. मोटर फिरते, पट्टा धावतो आणि जाते फिरू लागते. पायाने चालणारे शिलाई मशीनही असेच चालते. खालचे मोठे चाक फिरते, पट्टा ती गती वर नेतो, वरचे लहान चाक फिरते आणि सुई खाली-वर होते. ज्या चाकावरून असा पट्टा किंवा दोर धावतो, त्या चाकाला पुली म्हणतात.

पुली आपल्याकडे नवी नाही. आज सावेडी हे अहिल्यानगरचे, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो त्या शहराचे, गजबजलेले उपनगर आहे. नगर-मनमाड रस्ता येथून पुढे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो. पूर्वी मात्र सावेडी हे एक लहान गाव होते. त्या काळी आपल्या जिल्ह्यातील शेतांना विहिरीवरच्या मोटेने पाणी देत. विहिरीच्या काठावर लाकडी चाक बसवलेले असे. त्यावरून नाडा, म्हणजे जाड दोर, जाई. बैल उतरत्या धावेवरून चालत गेले की भरलेली मोट वर येई. हे चाक धावेच्या अगदी समोर बसवावे लागे. ते थोडे जरी वाकडे बसले, तरी नाडा एका कडेला घासे आणि झिजत जाई. नाडा तुटला, तर भरलेली मोट विहिरीत पडे.

म्हणून चाक नीट फिरते एवढेच पुरेसे नाही. ते दुसऱ्या चाकाच्या किंवा दोराच्या सरळ रेषेतही असावे लागते. उर्दूत आपण ‘सीध में’ म्हणतो. मराठी कारागीर ‘सुतात’ म्हणतात. गवंडी भिंत बांधताना दोरी ताणून धरतो. त्या दोरीला लागून असलेली वीट सुतात असते. ‘सुतासारखा सरळ’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील.

आता हाच नियम मोटारगाडीत कसा लागतो, ते पाहू. त्यासाठी आपण एक जुनी स्पोर्ट्स कार उदाहरण म्हणून घेऊ. तिचे नाव एमजीबी. ही दोन आसनांची ठेंगणी गाडी इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. मुंबई-पुण्यातील काही हौशी लोक अशा जुन्या गाड्या आजही जपतात.

ही परदेशी गाडी आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. तुम्ही अँबॅसॅडर गाडीचे नाव ऐकले असेल. ती कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. अनेक वर्षे अँबॅसॅडरमध्ये जे १४८९ सी.सी.चे इंजिन होते, ते ‘बी-सीरीज’ नावाच्या घराण्यातील होते. एमजीबीच्या आधीची एमजीए ही स्पोर्ट्स कार १९५५ मध्ये आली. तिचे इंजिनही त्याच घराण्यातील आणि १४८९ सी.सी.चेच होते. एमजीबीचे इंजिन १७९८ सी.सी.चे, पण घराणे तेच. त्यामुळे अँबॅसॅडर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला या स्पोर्ट्स कारचे इंजिन ओळखीचे वाटते.

या इंजिनाच्या पुढच्या बाजूला तीन पुल्या असतात. खालची पुली क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, बसवलेली असते. वरची पुली पाण्याच्या पंपाची असते. सुरुवातीच्या एमजीबीत पंखाही तिलाच जोडलेला असे. तिसरी पुली बाजूला असलेल्या डायनामोची. डायनामो वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. एकच पट्टा या तिन्ही पुल्यांवरून त्रिकोणासारखा फिरतो. त्याला फॅन बेल्ट म्हणतात.

हा पट्टा तुटला तर काय होईल? डायनामो थांबेल आणि चालकासमोरचा लाल दिवा लागेल. पाण्याचा पंप आणि पंखाही थांबेल. मग इंजिनाभोवतीचे पाणी फिरणार नाही आणि थंडही होणार नाही. अशा वेळी चालकाने गाडी लगेच थांबवावी. तो तशीच पुढे नेत राहिला, तर पाणी उकळेल, इंजिनाचे डोके उष्णतेने वाकेल आणि फार मोठा खर्च येईल. घाटात चढणीवर असे झाले, तर माणसांनाही धोका असतो. काही रुपयांच्या पट्ट्यावर सगळ्या इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते, ते असे.

पट्ट्याचा आकारही पाहण्यासारखा आहे. तो वर रुंद आणि खाली अरुंद असतो. पुलीलाही तशीच निमुळती खाच असते. खाचेच्या दोन भिंतींमधला कोन साधारणपणे ३४ ते ४० अंशांचा असतो. पट्टा खाचेच्या तळाला टेकत नाही. तो दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकतो आणि म्हणून घसरत नाही. तो तळाला टेकू लागला, तर पट्टा झिजला आहे किंवा चुकीच्या मापाचा आहे असे समजावे.

पट्ट्याला दोन्ही भिंतींचा आधार सारखा मिळाला पाहिजे. पुल्या सुतात नसतील, तर पट्टा खाचेत तिरपा शिरतो. त्याची एक कड जास्त घासते. घर्षणाने पट्टा गरम होतो. पुल्यांजवळ काळी भुकटी जमते आणि चिवचिव असा आवाज येतो. चालक नवा पट्टा आणून टाकतो. काही दिवसांत तोही खराब होतो. दोष पट्ट्याचा नसतो, पुलीचा असतो.

पुली दोन प्रकारे सुताबाहेर जाते. पहिल्या प्रकारात ती सरळ उभी असते, पण दुसऱ्या पुलीच्या थोडी पुढे किंवा मागे असते. दुसऱ्या प्रकारात ती तिरपी असते. जुन्या गाड्यांत पहिला दोष पुष्कळदा आढळतो. याचे कारण म्हणजे सुटे भाग बदललेले असतात. पहिल्या एमजीबी गाड्यांत डायनामो असे. पुढे १९६७ पासून त्याच्या जागी अल्टरनेटर आला. आता जुन्या गाडीला अल्टरनेटर बसवला, तर त्याची पुली जुन्या जागी येईलच असे नाही.

मग कारागीर काय करतो? त्याच्या कामाचा क्रम लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, तो इंजिन बंद करून थंड होऊ देतो आणि बॅटरीची तार काढतो. चालू इंजिनाजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही नेणे फार धोक्याचे असते. धावणारा पट्टा बोट पुलीत ओढून घेतो.

दुसरी गोष्ट, तो जुना पट्टा काढतो आणि प्रत्येक पुली हाताने फिरवतो. ती डुलत असेल, तर कड वाकलेली आहे किंवा आतले बेअरिंग झिजले आहे. आधी तो दोष दूर करावा लागतो. डुलणारी पुली सुतात कधीच येत नाही.

तिसरी गोष्ट, पुली दांड्यावर बसवताना तो दांडा व भोक स्वच्छ पुसतो. दांड्यावरील खाचेत पोलादाची एक लहान चावी असते. ती पुलीला दांड्यावर घसरू देत नाही. ती नीट बसली की पुली हळूहळू आत सरकवतात. हातोड्याने ठोकून बसवू नये. ठोकल्याने पुलीची कड वाकते आणि बेअरिंगलाही मार बसतो. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत, म्हणून पानाही इंची मापाचा लागतो.

चौथी गोष्ट म्हणजे खरी परीक्षा. तो एक सरळ पोलादी पट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर आडवी धरतो. प्रत्येक पुलीला पट्टी दोन ठिकाणी टेकली पाहिजे, म्हणजे एकूण चार ठिकाणी. चारही ठिकाणी टेकली, तर पुल्या सुतात आहेत. एका पुलीची एकच कड टेकली, तर ती पुली तिरपी आहे. एक पुली पट्टीला मुळीच टेकली नाही, तर ती मागे आहे. जागा अडचणीची असेल, तर पट्टीऐवजी ताणलेली दोरी चालते.

येथे एक खबरदारी हवी. दोन्ही पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या नसतील, तर पट्टी फसवते. समजा, क्रँकच्या पुलीत तोंडापासून खाचेचा मध्य १० मिलिमीटर आत आहे आणि डायनामोच्या पुलीत तो ८ मिलिमीटर आत आहे. मग पट्टी आणि डायनामोची पुली यांत २ मिलिमीटर फट दिसली, तरच खाचा समोरासमोर आहेत. पट्टा खाचेतून धावतो, म्हणून खाचा सुतात हव्यात.

पाचवी गोष्ट, तो फरक काढून टाकतो. क्रँकची आणि पंपाची पुली सहसा हलवता येत नाही. म्हणून डायनामो हलवावा लागतो. तो ३ मिलिमीटर मागे असेल, तर त्याच्या आधाराच्या बोल्टांवर तेवढ्याच जाडीचे वॉशर घालून त्याला पुढे आणतात. आधाराची पट्टी वाकली असेल, तर ती सरळ करतात. अशा पट्ट्यासाठी साधारणपणे अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो. म्हणजे ३० सेंटिमीटर अंतराला सुमारे अडीच मिलिमीटर. त्याहून जास्त फरक पट्टा सहन करत नाही.

शेवटची गोष्ट, पट्टा चढवून त्याला ताण देतात. डायनामोचे बोल्ट सैल केले की तो आत झुकतो आणि पट्टा हाताने सहज चढतो. पेचकसाने ओढून चढवला, तर आतले धागे तुटतात. मग डायनामो बाहेर ओढून बोल्ट आवळतात. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता पट्टा बहुधा अर्धा इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत चार सूत, दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पट्टा सैल राहिला तर घसरतो. फार ताणला तर पंपाचे आणि डायनामोचे बेअरिंग खराब होते. बोल्ट आवळताना डायनामो थोडा फिरू शकतो, म्हणून पट्टी पुन्हा एकदा धरून पाहावी. नवा पट्टा थोडा वाढतो. म्हणून काही दिवसांनी ताणही पुन्हा तपासावा.

हे सारे तुम्ही घरीही करून पाहू शकता. एका लाकडी फळीवर थोड्या अंतरावर दोन खिळे ठोका. त्यांत दोऱ्याची दोन रिकामी रिळे घाला. दोन्ही रिळांवर रबरबँड चढवा आणि एक रीळ फिरवा. दुसरेही फिरेल. आता एका रिळाखाली दोन-तीन वॉशर ठेवून ते उंच करा. रबरबँड तिरपा होईल आणि रिळाच्या कडेला घासू लागेल. गिरणीत, मोटेवर आणि एमजीबीत हेच घडते.

आपल्या शहरात १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथे रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटार आणि अनेक देशांचे रणगाडे आहेत. तेथे गेलात, तर रणगाड्याच्या पोलादी साखळीखाली वाकून पाहा. ती ज्या चाकांवरून धावते, ती सारी चाके एका ओळीत दिसतील. यंत्र लहान असो की मोठे, त्याची चाके सुतात असली तरच ते दूरवर जाते.

शब्दार्थ
उपनगर – शहराला लागून वाढलेली वस्ती. धाव – मोट ओढताना बैल चालतात तो उतार. निमुळती – एका टोकाला अरुंद होत जाणारी. पाचर – फटीत ठोकायचा निमुळता तुकडा. पेचकस – स्क्रू फिरवण्याचे हत्यार. चिलखती – पोलादी पत्र्याने संरक्षित.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पुली कशाला म्हणतात?
(आ) एमजीबी आणि अँबॅसॅडर यांच्यात कोणते नाते आहे?
(इ) पट्टा तुटल्यावर चालकाने काय करावे?
२. कारणे लिहा.
(अ) पुली हातोड्याने ठोकून बसवू नये.
(आ) बोल्ट आवळल्यावर पट्टी पुन्हा धरून पाहावी.
३. क्रँकच्या पुलीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि डायनामोच्या पुलीचा ८ सेंटिमीटर आहे. क्रँकची पुली मिनिटाला २००० फेरे घेते, तर डायनामोची पुली किती फेरे घेईल?
४. ‘सुतासारखा सरळ’ हे शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.
५. तुमच्या परिसरातील गिरणीत किंवा गॅरेजमध्ये मोठ्या माणसांबरोबर जा. तेथील पुल्या दुरून पाहा आणि त्यांविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा.