मुंबईचे आठ गोल

बार्थोलोम्यू ओग्बेचेच्या इंडियन सुपर लीगमधल्या पाच हंगामांचा हिशेब मांडला, तर मुंबईचा आकडाच सगळ्यांत लहान निघतो. नॉर्थईस्ट युनायटेडकडून १२ गोल, केरळ ब्लास्टर्सकडून १५, मुंबई सिटीकडून ८, मग हैदराबादकडून १८ आणि १०. एकूण ६३. पण या नायजेरियन स्ट्रायकरचे सर्वांत वजनदार गोल कोणते, असं विचारलं तर बोट त्या आठांकडेच जातं.

१९८४चा जन्म. किशोरवयात पॅरिस सेंट जर्मेनमध्ये दाखल झाला, तेव्हा संघात रोनाल्डिन्हो आणि ओकोचा होते. २००२च्या विश्वचषकात अर्जेंटिनासमोर उतरला तो सतराव्या वर्षी. इतक्या झोकात सुरुवात झालेल्या पोराचं नाव पुढे व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. फ्रान्स, अमिराती, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असे क्लब बदलत तो फिरला आणि २०१८ मध्ये, चौतिशीच्या उंबरठ्यावर, नॉर्थईस्टकडे गुवाहाटीत आला. भारतात अशा वयाचे परदेशी खेळाडू पगारापुरते येतात, हा समज तेव्हा पक्का होता. त्याने पहिल्याच हंगामात चेन्नईत हॅटट्रिक ठोकली आणि नॉर्थईस्टने प्रथमच प्लेऑफ गाठला.

मुंबईकडे तो आला २०२० मध्ये. करोनामुळे अख्खी लीग गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाली. एरवी आम्हाला टिटवाळ्याहून मुंबई सिटीच्या अंधेरीच्या मैदानावर जायचं म्हणजे दादरला गाडी बदलून अर्धा दिवस घालवायचा. त्या वर्षी तोही प्रश्न नव्हता. मुंबईच्या जर्सीतला त्याचा एकही गोल मुंबईत झाला नाही, ते सगळे आम्ही टीव्हीवरच पाहिले.

त्या हंगामात मुंबईचा मुख्य प्रतिस्पर्धी होता एटीके मोहन बागान. ११ जानेवारी २०२१ला मुंबई १-० जिंकली, गोल ओग्बेचेचा. २८ फेब्रुवारीला पुन्हा बागानशीच गाठ होती, आणि साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाला मिळणाऱ्या लीग शिल्डसाठी मुंबईला विजय हवाच होता. हर्नान सांतानाची फ्री किक क्रॉसबारवर आदळून परतली आणि ओग्बेचेने ती डोक्याने जाळ्यात घातली. २-०. दोन्ही संघांचे ४० गुण झाले, पण आपसांतल्या सामन्यांच्या जोरावर शिल्ड मुंबईची. १३ मार्चला बागानविरुद्धच्याच अंतिम सामन्यात ओग्बेचे बदली खेळाडू होता. १-१ अशी बरोबरी, नव्वदावं मिनिट. लांब आलेला चेंडू अडवायला बागानचा गोलकीपर अरिंदम पुढे धावला आणि चुकला. ओग्बेचेने चेंडू हिसकावला. स्वतः मारायचा मोह टाळून त्याने तो बिपिन सिंगकडे सरकवला, आणि समोरचं गोल रिकामं होतं. मुंबई विजेती.

पुढच्या वर्षी हैदराबादकडून, सदतिसाव्या वर्षी, १८ गोल करून त्याने गोल्डन बूट मिळवला, फेरान कोरोमिनासचा लीगमधला ४८ गोलांचा विक्रम मोडला आणि करंडकही जिंकला. सप्टेंबर २०२४ मध्ये सुनील छेत्रीने त्याचे ६३ मागे टाकले. विक्रमांचं असंच चालतं.

शिल्डचं मोल मात्र वेगळं ठरलं. तिच्यामुळे मुंबईला आशियाई चॅम्पियन्स लीगचं दार उघडलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. विजयी गोल मुंबईकर राहुल भेकेचा. ओग्बेचे तोवर हैदराबादला गेला होता. पण संघाला रियाधचं तिकीट काढून दिलं होतं त्यानेच.