झटपट वाफ हवी तर कोणतं मशीन?

पावसाळ्यात लोकलच्या दारात उभं राहून घाटकोपर ते मुलुंड भिजत आलेल्या माणसाचं नाक दुसऱ्या रात्री बंद होतं. अशा वेळी पातेल्यात पाणी उकळायचं, ते सांभाळत टेबलापर्यंत आणायचं, टॉवेल शोधायचा, हे सगळं नको वाटतं. बटण दाबलं की वाफ यावी, एवढीच इच्छा असते. म्हणून आपण केमिस्टकडे ‘व्हेपोरायझर’ मागतो, किंवा फोनवर तो शब्द टाकतो. फोनवर मात्र या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळी यंत्रं समोर येतात. त्यांतलं एक आपल्या कामाचं आहे. दुसरं विकायला आणि आणायला भारतात बंदी आहे.

एकाच नावाची दोन यंत्रं

पहिलं म्हणजे पाण्याची वाफ देणारं, प्लास्टिकचं, घराघरात दिसणारं मशीन. दुसऱ्यात पाणी नसतंच. हातात मावणाऱ्या त्या यंत्राच्या छोट्या कप्प्यात सुकलेली वनस्पती भरतात, परदेशात बहुतेक वेळा गांजा. यंत्र ती जाळत नाही, साधारण १८० ते २१० अंश सेल्सियसपर्यंत तापवतं. वनस्पतीतली तेलं आणि सक्रिय द्रव्यं त्या उष्णतेला उडतात आणि ती ओढून घेतली जातात. काही यंत्रांत कप्प्याची भिंतच तापते, काहींत गरम हवा वनस्पतीतून जाते. ‘ऑन-डिमांड’ म्हणतात ती यंत्रं बहुधा दुसऱ्या प्रकारची. काही सेकंदांत तापायचं, एक-दोन झुरके द्यायचे आणि थांबायचं, अशी त्यांची रचना असते. जर्मनीतल्या टुटलिंगन गावच्या श्टोर्झ अँड बिकेल कंपनीचं ‘व्होल्केनो’ हे यातलं गाजलेलं टेबलावरचं यंत्र. त्याच्या वैद्यकीय आवृत्तीला जर्मनीत आणि कॅनडात मान्यताही आहे.

मुंबईत ते का घ्यायचं नाही

यंत्रात गांजा न भरता तुळस भरली तर चालेल, असं काही जण समजतात. ही समजूत चुकीची आहे. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यातली व्याख्या फार रुंद आहे. एखादा पदार्थ, त्यात निकोटिन असो वा नसो, तापवून ओढण्यासाठी एरोसोल तयार करणारं कोणतंही इलेक्ट्रॉनिक उपकरण तिच्यात येतं, मग त्याचं नाव, आकार, रूप काहीही असो. जाळण्याऐवजी तापवणारी उत्पादनं तर वेगळी नाव घेऊन नोंदलेली आहेत. वगळलेलं आहे ते औषध कायद्याखाली परवाना असलेलं उत्पादन. अशी उपकरणं बनवणं, आयात करणं, वाहून नेणं, विकणं, त्यांची जाहिरात करणं या सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तेच केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवण्याची शिक्षा वेगळी आहे.

आपल्या उपनगरांत हा मुद्दा नुसता कागदावरचा नाही, कारण आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरीतच, सहारला आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून काही मर्यादेत. टोरंटोहून सुट्टीवर येणाऱ्या भाच्याला तिथे दुकानात रीतसर मिळालेली वस्तू इथे उतरताच बंदी असलेली आयात ठरते. त्याला हे आधीच सांगावं. यंत्राच्या कप्प्यात गांजाचा अंश असेल तर प्रश्न १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचा होतो, आणि तिथे थोडा गांजा जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा.

घरात कोणी गांजाच्या सवयीत अडकलं असेल तर चांगलं यंत्र शोधण्यापेक्षा मदत शोधा, हे मी मनापासून सांगते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मन मोकळं करायला टेलि-मानसचा १४४१६ आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आलं आहे.

वाफेचं मशीन आतून कसं असतं

आता आपल्या कामाचं मशीन. यातही दोन जाती आहेत आणि डब्यावर हा फरक नेहमी ठळक लिहिलेला नसतो.

स्वस्त मशीनमध्ये पाण्यात दोन धातूच्या पट्ट्या बुडालेल्या असतात. वीज एका पट्टीकडून दुसरीकडे पाण्यातूनच जाते आणि पाणी तापतं. पातळी पट्ट्यांच्या खाली गेली की वीज आपोआप थांबते. मशीन कोरडं जळत नाही, हा मोठा गुण. दोषही तितकाच मोठा: प्लग चालू असताना ते पाणी स्वतः विजेचं असतं. वाफ कमी वाटली म्हणून चालू मशीनचं झाकण काढून बोट घालणं किंवा वरून पाणी ओतणं जिवावर बेतू शकतं. आधी प्लग काढायचा, मग झाकण.

दुसऱ्या जातीत तापणारी तबकडी पाण्यापासून वेगळी, झाकलेली असते, इलेक्ट्रिक किटलीसारखी. किंमत जास्त, पण पाण्यात वीज नाही. घेताना एकच गोष्ट विचारा: पाणी संपल्यावर आपोआप बंद होतं का? नसेल होत तर ते घेऊ नका. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असलेल्या घरासाठी मी हीच जात सुचवेन.

तलावाचं पाणी आणि चिमूटभर मीठ

‘नवीन मशीन आणलं, वाफच येत नाही’ ही तक्रार पट्टीवाल्या मशीनची असते, आणि बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं. पाण्यातून वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. मुंबई महापालिकेचं पाणी सात तलावांतून येतं. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा हे शहराबाहेर आहेत. विहार आणि तुळशी आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. हे पावसाचं साठवलेलं पाणी, बोअरवेलच्या पाण्याच्या मानाने क्षार कमी. तेच पाणी घरी आरओ फिल्टरमधून काढलं की उरलेले क्षारही बरेचसे जातात आणि मशीन थंड बसून राहतं.

म्हणून या मशीनला आरओचं नको, साधं नळाचं पाणी द्यावं. तरी संथ वाटलं तर अगदी चिमूटभर मीठ. चमचाभर नको. क्षार जास्त झाले की वीज जास्त ओढली जाते, पाणी एकदम खदखदतं आणि नळीतून उकळते थेंब तोंडावर उडतात. विरारपलीकडे किंवा टँकरच्या जड पाण्यावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे तेच मशीन मिठाशिवाय जोरात चालतं, यात नवल नाही.

तबकडीवाल्या मशीनला पाण्याच्या जातीने फरक पडत नाही. तिथे आरओचं पाणी उलट चांगलं, खालचा पांढरा थर कमी साचतो.

‘झटपट’ म्हणजे किती मिनिटं

डब्यावर वॉट लिहिलेले असतात, ते वाचा. २७ अंशांचं २०० मिलिलिटर पाणी उकळीला आणायला ३०० वॉटच्या मशीनला किमान साडेतीन मिनिटं लागतात, १५० वॉटच्या मशीनला सात. पण १०० मिलिलिटरच पाणी घेतलं तर ३०० वॉटचं मशीन पावणेदोन मिनिटांत वाफ देऊ लागतं. थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त धरा. मोठं भांडं म्हणजे चांगलं मशीन, ही दुकानातली समजूत इथे उलटी पडते. पाच-सात मिनिटांच्या वाफेसाठी अर्धा कप पाणी पुरतं. फक्त खालच्या खुणेखाली जाऊ नका.

पाण्यात काय टाकावं

मशीनच्या पाण्यात काहीही नको. तुळशीची पानं, गवती चहा, ओवा यांचे तुकडे नळीत अडकतात, निलगिरीच्या तेलाने काही प्लास्टिकला तडे जातात. काही मशीनच्या तोंडाशी औषधासाठी वेगळी वाटी असते, निलगिरीचे एक-दोन थेंब तिथे. पुदिन्यातल्या मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा जाग्या होतात. हवेची वाट तेवढीच राहते. दोन वर्षांखालच्या बाळाजवळ कापूर अजिबात नको. पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. वाफेने सर्दी बरी होत नाही. कॉक्रेन संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा गरम दमट हवेचा ठाम फायदा दिसला नाही. बरं वाटतं, झोप लागते, हे खरं आहे आणि त्यासाठी वाफ घ्यायला हरकत नाही.

भाजण्याची भीती

कोविडच्या काळात वाफेचा बोलबाला झाला, तेव्हा बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की वाफ घेताना भाजलेली मुलं एकदम वाढली आहेत. त्यामुळे उकळत्या पातेल्यावर वाकवून मुलाला कधीच बसवू नये. मशीनसुद्धा पलंगावर किंवा मांडीवर नको. सपाट टेबल, वायर येण्याजाण्याच्या वाटेत नाही, तोंड हातभर लांब. वन-रूम-किचनमध्ये ओट्याचा भिंतीकडचा कोपरा सगळ्यांत बरा.

भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, काही लावू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीला भाजलेल्यांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, हे पूर्व उपनगरांतल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

नेब्युलायझर म्हणजे वाफ नव्हे

दम्याच्या रुग्णाला डॉक्टर नेब्युलायझर सांगतात. तो औषधाचे गार, सूक्ष्म तुषार बनवतो. त्यात तेल किंवा घरगुती काढा घालायचा नाही. धाप लागत असेल तर वाफ घेत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

मशीन नसेल तर ओव्याची पुरचुंडी

सुकी वनस्पती न जाळता तापवायची आणि तिचा वास घ्यायचा, ही युक्ती आपल्या घरांत तव्यावर चालत आली आहे. दोन चमचे ओवा मंद आचेवर कोरडा तापवा. एक-दोन मिनिटांत घमघमाट सुटतो, तो ओव्याच्या तेलातल्या थायमॉलचा. ओवा काळा पडायच्या आत उतरवा. काळा पडला की तेल गेलं आणि हातात नुसता धूर उरला. मऊ सुती रुमालात बांधा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, मग नाकाजवळ धरा. गार झाली की पुन्हा तव्यावर.

माझी आई बोरिवलीच्या दोन खोल्यांत रात्री एकच दिवा लावून आम्हा भावंडांसाठी ही पुरचुंडी करायची. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून धुरी देण्याची जी पद्धत होती ती मात्र बंद फ्लॅटमध्ये नको. तो धूर बाळाच्या छातीला सोसत नाही. पुरचुंडीला धूर नाही आणि वीजही लागत नाही. रात्री अकराला केमिस्ट बंद झाला असेल, तरी ओव्याचा डबा घरात असतो.