पुरानंतरचा धसका

22 जुलै 2023 रोजी बुलढाणा जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पावसाने हाहाकार उडवला. नदी-नाल्यांचं पाणी गावांत शिरलं, उभी पिकं मातीसकट खरडून गेली. अशा पुरानंतर पंचनामे होतात; घर, जमीन, जनावरं यांची नोंद होते. पण रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला की घाबरून उठणाऱ्या, पोरांना कवटाळून उजाडेपर्यंत जागणाऱ्या माणसासाठी त्या कागदांत रकाना नसतो.

संकटानंतर झोप उडणं, दचकणं, घास न उतरणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकजण काही आठवड्यांत सावरतात. पण महिना उलटूनही तो प्रसंग आत्ताच घडतोय असा पुन्हा पुन्हा भोगावा लागत असेल, माणूस ती वाट, तो आवाज, तो विषयच टाळत असेल, ‘मीच हात सोडला’ असं स्वतःला कोसत असेल आणि सतत सावध, चिडचिडा झाला असेल, तर तो आजार असू शकतो. त्याचं नाव पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1980 साली त्याची अधिकृत नोंद केली. मात्र तो होण्यासाठी रणांगणावर जावं लागत नाही. पूर, अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, यांतलं काहीही पुरेसं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या सुमारे 70 टक्के लोकांवर आयुष्यात असा एखादा प्रसंग येतो आणि त्यांतल्या 5.6 टक्के लोकांना पीटीएसडी होतो.

महाराष्ट्राने हे किल्लारीत पाहिलं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती त्यांच्या अंगावर कोसळल्या. हजारो माणसं गेली. वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा पुढे डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी अभ्यास केला. राज्यात अशा अभ्यासाची वाट तिथून रुळली. ती प्रत्येक पूरग्रस्त गावापर्यंत पोचायला हवी होती.

घरचे मायेनेच म्हणतात, ‘झालं गेलं विसरून जा.’ नेमकं तेच जमत नसतं. म्हणूनच उपचार उलट्या दिशेने जातो. तज्ज्ञ आधी आजार समजावून सांगतात, श्वास संथ करायला शिकवतात. मग एका पद्धतीत रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो: पाणी उंबऱ्याशी आलंय, मी दिवा शोधतोय. तेच पुन्हा सांगायचं, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. सोबत, टाळलेल्या गोष्टींची यादी करून सोप्यापासून सुरुवात करायची. आधी कोरड्या दिवसात कुणाला तरी बरोबर घेऊन नाला लांबून पाहायचा, मग काठाशी थोडा वेळ थांबायचं. भीती चढते आणि काही वेळाने उतरते. ती उतरते हे शरीराला कळू लागतं. साधारण 8 ते 15 बैठकांत हे चालतं. हे मनावरच्या जखमेला हात घालणं आहे, त्यामुळे त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. ईएमडीआर या दुसऱ्या पद्धतीत आठवण मनात धरून नजर डावीकडून उजवीकडे फिरवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली तिचीही शिफारस केली.

सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन या गोळ्यांचाही उपयोग होतो, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. झोपेच्या गोळ्यांनी मूळ आजार जात नाही, सवय मात्र लागते. दारूचंही तेच. आपत्तीनंतर घाईघाईने सगळ्यांना बसवून ‘काय झालं ते सांगा’ असा आग्रह धरणंही चूकच. त्या वेळी हवं असतं ते पाणी, निवारा, हरवलेल्या माणसाची खबर आणि जवळ बसून ऐकणारं कुणीतरी.

मनाचं दुखणं घेऊन बुलढाणा जिल्ह्यातली अनेक कुटुंबं पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यात जातात. त्या श्रद्धेची थट्टा केल्याने कुणी डॉक्टरकडे येत नाही. गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरादातार दर्ग्यात दुवा आणि दवा एकत्र देण्याचा प्रयोग झाला, तसा इथेही व्हावा.

तोवर निदान एवढं करता येतं: शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती जिल्हा रुग्णालयात मिळते. गावातल्या आशाताईंनाही विचारता येईल. पुरानंतर पावसाळे उलटून गेले म्हणून उशीर झाला असं नाही. जुन्या आघातावरही हे उपचार लागू पडतात.