विकिपीडिया कोण लिहितं, आणि त्यात बाया कमी का?



मोबाईलवर गुगलला काही विचारलं की पुष्कळदा विकिपीडियाचं पान उघडतं. मुलांचे शाळेचे प्रकल्पही बरेचदा तिथूनच उतरवलेले असतात. ग्रामसंघाच्या बैठकीत एकीने विचारलं, "हे सगळं लिहितं कोण? सरकार का?" सरकार नाही, पगारी माणसंही नाहीत. तुमच्याआमच्यासारखी माणसं आपल्या सवडीने, एक रुपया न घेता लिहितात. २००१ साली इंग्रजीत सुरुवात झाली, २००३ पासून मराठीतही आहे. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं दुरुस्त करावं, असा तो कारभार आहे.

म्हणायला "कुणीही". पण २०११ साली लिहिणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा शंभरात साधारण नऊच बायका निघाल्या. दार तर उघडं होतं. मग आत का नाहीत?

सवड नाही, हे एक कारण. ते तुम्हाला मी सांगायला नको. पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. नवीन बाईने पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या, की पुष्कळदा त्या काही मिनिटांत काढल्या जातात. खाली फक्त नियमाचं नाव. काढणाऱ्याचं नियमाने बरोबरही असेल. पण आपल्या गटात नवीन ताई पहिल्यांदा बोलायला उठली आणि अध्यक्ष म्हणाल्या, "हा विषय आज नाही, बसा खाली," तर पुढच्या बैठकीला ती येईल का? असं झालं तर पुरुषालाही रागच येईल. पण लहानपणापासून "तुला काय कळतंय" ऐकलेल्या बाईला ते खरंच वाटायला लागतं, आणि ती गुपचूप निघून जाते. तक्रारसुद्धा करत नाही.

त्यात आपल्या मराठीची एक अडचण आहे. इंग्रजीत टोपणनाव घेऊन लिहिलं तर लिहिणारी बाई की पुरुष, कळत नाही. मराठीत "मी बघते" एवढं म्हटलं की कळलं! मग मुद्दा बाजूला राहून कुणीतरी भलतंच बोलायला लागतं, अशी भीती असते. २०२१ साली विकिपीडियासाठी सगळ्या भाषांना लागू होणारी आचारसंहिता जाहीर झाली. त्रास देणं, अपमान करणं त्यात चालत नाही. नियम झाला हे चांगलंच, पण नियम कागदावर आणि वागणूक माणसात, हे आपण गट चालवणाऱ्यांना माहीत आहे.

बाया नाही लिहिल्या तर बिघडतं काय? डोना स्ट्रिकलँड नावाच्या कॅनडाच्या शास्त्रज्ञ आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या दिवसापर्यंत इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं. काही महिने आधी कुणीतरी लिहिलं होतं, पण पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून ते परत पाठवलं गेलं. त्याच कामासाठी नोबेल मिळालेल्या त्यांच्या सहकारी पुरुषाचं पान मात्र आधीपासून होतं.

इथेच खरी मेख आहे. विकिपीडियावर ऐकीव माहिती चालत नाही, छापील किंवा प्रसिद्ध झालेला संदर्भ लागतो. नियम योग्यच आहे, नाहीतर कुणीही काहीही लिहील. पण बाईबद्दल आधी कुणी छापतच नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पेपरात आलं. म्हणून त्यांच्यावर लिहिता येतं. तुमच्या गावात गाडग्यात राखेत बी ठेवणारी आजी असेल, तिच्यावर नाही लिहिता येत. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, म्हणून आज त्यांचा आधार देता येतो. नाहीतर त्याही गेल्या असत्या.

बदल होतोय, पण सावकाश. विकिपीडियात ज्या नावाचं पान नाही ते लाल अक्षरात दिसतं. २०१५ साली काही जणांनी ठरवलं की बायकांची लाल नावं शोधायची आणि एकेक पान लिहायचं. तेव्हा इंग्रजीतल्या शंभर चरित्रांत पंधरा-सोळा बायकांची होती, आता वीसच्या आसपास आहेत. २०१२ पासून तिथे नवख्यांसाठी एक वेगळी जागाही आहे. कसलाही साधा प्रश्न विचारा, तिथे कुणी तुटून पडत नाही, समजावून सांगतात. मला हे सगळ्यात कामाचं वाटतं.

मराठीतही सरावासाठी जागा आहे. तिचं नाव "धूळपाटी". तिथे कितीही चुका केल्या तरी चालतात. एकटीने करण्यापेक्षा चार-पाच जणींनी एकत्र बसून सुरू करा, म्हणजे एकीचं लिहिलेलं निघालं तर बाकीच्या धीर देतील. खातं उघडायला खरं नाव किंवा मोबाईल नंबर द्यावा लागत नाही, टोपणनावच घ्या. पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला जाऊ नका. आपल्या तालुक्याचं, नदीचं, एखाद्या पदार्थाचं पान उघडा, शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती सुधारा. पेपरातलं जसंच्या तसं उतरवायचं नाही. आपल्याच गटाची किंवा पापड-मसाल्याची माहिती घालायची नाही, ती जाहिरात धरली जाते. (आपलं हे वार्तापत्रही आपल्या संघाच्या कौतुकाला संदर्भ म्हणून चालायचं नाही, बरं का.) फोटो टाकायचा तर स्वतः काढलेलाच, आणि तो पुढे कुणीही वापरू शकतं हे लक्षात ठेवून. म्हणून लेकीबाळींचे चेहरे नकोत. बाजार, पीक, वाद्य, भांडी यांचे फोटो चालतील.

लिहिलेलं कुणी काढलं, तर लेखाच्या "इतिहास" मध्ये जाऊन कारण वाचा. समजलं नाही तर "चर्चा" पानावर सरळ विचारा, "का काढलंत?" तो तुमचा हक्क आहे. कुणी वेडंवाकडं बोललं तर उत्तर देत बसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तिथल्या प्रचालकांना कळवा.

ज्यांना करून बघायचंय, त्यांनी प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला मोबाईल चार्ज करून आणा. बैठक संपल्यावर तासभर थांबू.