रुसणाऱ्या मोटारीचा रोजमेळ

पूर्ण बंद पडलेली मोटार मालकाला फारशी कोड्यात टाकत नाही. ती गॅरेजमध्ये ओढून नेली जाते, दोष सापडतो आणि काम संपते. खरा मनस्ताप देते ती कधी सुरू होणारी, कधी न होणारी मोटार. सकाळी पेढीवर जाताना ती निमूटपणे निघते; दुपारी बाजारातून परतताना मात्र जागची हलत नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकसमोर ती पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, महिन्याभराने सेल्फ बदलला जातो आणि एवढा खर्च होऊनही दोष कायम राहतो. हळूहळू मालकाचा मेकॅनिकवरचा विश्वासही उडतो.

रोजमेळात फरक आला, तर जाणता व्यापारी लगेच मुनिमावर संशय घेत नाही. फरक कोणत्या तारखेपासून, कोणत्या नोंदीपाशी आला, हे तो आधी शोधतो. मोटारीच्या दोषालाही हीच रीत लागू पडते.

पहिली नोंद आवाजाची. इंजिन सुरू होण्याचे दोन टप्पे असतात. आधी सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बॅटरीच्या विजेवर इंजिन फिरवते. मग इंधन पेटून इंजिन स्वतः चालू लागते. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला. त्याआधी बहुतेक मोटारी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. आजही तपासाची सुरुवात या दोन टप्प्यांपासूनच करावी. सेल्फच फिरत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या मार्गात असतो. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन धरत नसेल, तर इंधन, ठिणगी किंवा सेन्सरकडे पाहावे.

सेल्फ फिरत नसताना भराभर टिकटिक ऐकू आली आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली असावी किंवा तिचे टर्मिनल सैल अथवा गंजलेले असावे. दिवे प्रखर राहून एकच ‘खट्’ आवाज आला, तर सेल्फ, त्याच्यावरील सोलेनॉइड किंवा जाड केबल तपासावी. काहीच आवाज नसेल, तर रिले, चावीचा स्विच किंवा क्लचखालचा स्विच यांवर संशय जातो. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये सुरू होत नसेल, पण ‘न्यूट्रल’मध्ये होत असेल, तर गिअरजवळचा स्विच किंवा त्याची जुळणी तपासून घ्यावी.

बॅटरीचे माप साध्या मल्टिमीटरने घेता येते. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरीची पूर्ण चाचणी करावी. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ अडखळत असेल, तर टर्मिनल आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर पाहावी. तेथील पांढरट-हिरवट थर किंवा सैल नट नव्या बॅटरीलाही निकामी भासवतो. घर ते दुकान एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत बॅटरीला पुन्हा भरण्यास पुरेसा वेळ मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सेल्फ नीट फिरत असेल, तर पेट्रोल गाडीत चावी नुसती ‘ऑन’ करून कान द्यावा. अनेक गाड्यांत मागच्या बाजूने इंधनपंपाची क्षणभर गुणगुण ऐकू येते. एरवी येणारा हा आवाज नेमका त्या वेळी आला नाही, तर पंप, त्याचा रिले किंवा वायरिंग संशयास्पद ठरते. तापलेले इंजिन सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर होते, तेव्हा क्रँकशाफ्ट सेन्सर आवर्जून तपासून घ्यावा. चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल, तर दुसरी चावी वापरून पाहावी.

ही निरीक्षणे टिपण्यासाठी गाडीत एक लहान वही ठेवावी. तारीख, वेळ, इंजिन गार की गरम, पाऊस, आवाज, दिवे आणि अखेरीस गाडी कशाने सुरू झाली, एवढे लिहिले तरी पुरे. जमल्यास मोबाईलवर आवाज टिपावा. घरातील जो कोणी गाडी चालवतो, त्याने ती नोंद करावी. पाच-सहा नोंदींनंतर बहुधा क्रम दिसू लागतो. केवळ सकाळी रुसणारी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवावी, म्हणजे मेकॅनिकला तो दोष प्रत्यक्ष पाहता येईल.

तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघू शकतो, म्हणून जवळ ठिणगी नको. हातातील अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे. टर्मिनल सोडवताना ऋण बाजू आधी सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.

नवा भाग बसवण्याआधी मालकाने एवढेच विचारावे: हाच भाग सदोष आहे हे कोणत्या चाचणीत दिसले? वहीतील नोंदी समोर असल्या की मेकॅनिकलाही उत्तर देणे सोपे जाते, आणि कित्येकदा नव्या सेल्फऐवजी टर्मिनल स्वच्छ करून घट्ट बसवण्यावरच काम भागते.