झाडाच्या बुंध्याला फुटलेला चकचकीत कान

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या रानात, माहुलीच्या पायथ्याला म्हणा किंवा माळशेजच्या वाटेवर, अळंबी दिसतेच. पण आज खायच्या अळंबीबद्दल नाही, झाडच खाणाऱ्या बुरशीबद्दल बोलू. तिचं नाव गॅनोडर्मा.

बांडगुळाशी गल्लत नको हं. बांडगूळ फांदीवर असतं, त्याला हिरवी पानं असतात. ती वनस्पती आहे. गॅनोडर्माचा कान खाली बुंध्यापाशी फुटतो, नाहीतर जमिनीतल्या मुळावरून वर येतो. खैर आणि शिरीष ही तिची आवडती गिऱ्हाइकं. कान वरून तांबूस-तपकिरी, पॉलिश मारल्यासारखा; वाढती कड पांढरट-पिवळी. हाताला लाकडासारखा कडक. मोबाइलवर फोटो काढाल तर खालच्या बाजूचाही काढा, खरी ओळख तिथेच पटते: अळंबीसारखे पातळ पडदे नसतात, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. आसपास कोको पावडरसारखी धूळ दिसली तर ते तिचे बीजाणू.

वठलेल्या खुंटावरही ती उगवते. पण जिवंत झाडाच्या बुंध्याशी कान दिसला, म्हणजे आतून कुजणं कधीच सुरू झालंय. शेंड्याला पानं हिरवीगार असली तरी वादळात असं झाड मुळासकट आडवं होऊ शकतं. त्याखाली गाडी लावू नका, गुरं बांधू नका. कान खरवडून काही होत नाही, बुरशी लाकडात असते. मुळाला मूळ लागलं की ती शेजारच्या झाडात शिरते. म्हणूनच लागवडीत आजारी झाडाभोवती चर खणतात.